भरताच्या ताटाशेजारी नॅचरल वाइन: सुट्टीत घरच्यांसोबत कशी उघडावी

खान्देशात घरच्यांसोबत पिणं म्हणजे बहुतेकदा पुरुषांनी जेवणाआधी गच्चीवर जायचं आणि बायकांनी खाली भाकऱ्या थापत त्यांची वाट बघायची. वर व्हिस्की, फरसाण आणि मोबाइलवरची गाणी, खाली निवत चाललेलं वरण. नॅचरल वाइन अशी प्यायली तर पैसे वाया. ती झटपट चढावी म्हणून केलेली नसते. तिची चव घासासोबत लागते, आणि थंड, आंबट, गढूळ अशी ती नुसतीच प्यायली तर निम्मे लोक पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतात. म्हणून पुढची सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: बाटली गच्चीवर न नेता पंगतीत कशी आणायची.

त्यासाठी आपल्याकडचा उत्तम काळ म्हणजे नाताळची सुट्टी. पुण्या-नाशिकची आणि सुरतेची मंडळी घरी आलेली असतात, थंडी पडलेली असते, भरताची वांगी ऐन भरात असतात आणि मळ्यात भरीत पार्ट्या सुरू असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बाटलीचं नावच काढू नका. एक तर तो लेकीबाळींचा, नैवेद्याचा सण, आणि दुसरं म्हणजे तेव्हा जळगाव-भुसावळकडचं ऊन असं असतं की वाइन घरी पोचेपर्यंत शिजते.

बाटलीत आहे तरी काय

नेहमीच्या वाइनमध्ये द्राक्षाच्या रसात विकतचं यीस्ट घालतात, नंतर ती गाळून स्वच्छ करतात आणि टिकावी म्हणून सल्फाइट मिसळतात. नॅचरल वाइन करणारे शक्यतो रासायनिक फवारणीशिवाय पिकवलेली द्राक्षं घेतात, द्राक्षावर आणि वाइनरीत असलेल्या यीस्टवरच रस आंबू देतात, गाळत नाहीत आणि सल्फाइट घालत नाहीत, किंवा अगदी थोडं घालतात. फ्रान्समध्ये 2020 पासून अशा वाइनसाठी एक सनद आहे. तिच्या नियमानुसार एकूण सल्फाइट लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत लागतं. युरोपात नेहमीच्या कोरड्या रेड वाइनला 150 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, यावरून फरक लक्षात येईल. आपल्याकडे असा शिक्का नाही. त्यामुळे दुकानदार ‘एकदम नॅचरल’ म्हणाला तरी लेबलवर ‘अनफिल्टर्ड’, ‘स्किन कॉन्टॅक्ट’ (म्हणजे सालींसकट आंबवलेली), ‘वाइल्ड फर्मेंटेड’ असं काही लिहिलंय का ते स्वतः बघा.

घरच्या जेवणासाठी कामाचे प्रकार तीन.

पहिली ऑरेंज वाइन. संत्र्याशी तिचा काही संबंध नाही. पांढरी द्राक्षं सालींसकट आंबवतात, कधी काही दिवस, कधी काही महिने. सालीमुळे रंग मधासारखा होतो आणि वाइनला तुरटपणा येतो. जॉर्जियात ही रीत फार जुनी आहे. तिथे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या क्वेव्री नावाच्या मातीच्या रांजणात वाइन आंबवतात. या पद्धतीची युनेस्कोने 2013 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. इटलीच्या फ्रिउली भागातल्या योश्को ग्राव्हनर यांनी 2001 पासून आपली वाइन अशा रांजणांत आंबवायला सुरुवात केली आणि युरोपात या प्रकाराची चर्चा वाढली.

दुसरी पेट-नॅट. रस पूर्ण आंबायच्या आतच बाटलीत भरून बूच मारतात. उरलेली साखर बाटलीतच आंबते आणि फेस तयार होतो. तिला सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं बूच असतं आणि बुडाशी यीस्टचा गाळ असतो.

तिसरी हलकी रेड. फ्रान्सच्या बोजोले भागात ज्यूल शोव्हे हे रसायनाचे जाणकार आणि मार्सेल लापिएर यांच्यासारखे वाइनकार नॅचरल वाइनच्या चळवळीच्या मुळाशी होते. तिथल्या पद्धतीत घड न फोडता अख्खेच आंबवतात. त्यातून फळाची चव भरपूर असलेली, तुरटपणा कमी असलेली रेड मिळते आणि ती थंड करून पिता येते.

परदेशी बाटल्या महाग पडतात, कारण आयात वाइनवर कित्येक वर्षं 150 टक्के सीमाशुल्क होतं आणि त्यावर राज्याचे कर. पहिल्याच खेपेला एवढा खर्च करू नका, असं माझं मत आहे. घरच्यांची जीभ तयार करायला मीड घ्या. मीड म्हणजे मधापासून आंबवलेलं पेय. पुण्याची मूनशाइन आणि नाशिकची सेराना हे आपल्याच राज्यातले मीड करणारे. बऱ्याच मीडमध्ये अल्कोहोल बिअरइतकंच असतं आणि बाटल्या लहान असतात, त्यामुळे कुणाला आवडलं नाही तरी मोठं नुकसान नाही. डहाणू-बोर्डीकडे चिकूचीही वाइन होते. मीड किंवा फळाची वाइन काटेकोर अर्थाने नॅचरल असेलच असं नाही, पण ‘वाइन म्हणजे लाल आणि कडू’ ही समजूत तिच्यामुळे मोडते आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

‘मग आपल्या केळ्यांचीच घरी करू की!’ असं म्हणणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. मामांना थांबवा. परवान्याशिवाय घरी दारू करणं हा गुन्हा आहे, आणि आंबणारा रस बंद बाटलीत भरला तर बाटली फुटून काचा डोळ्यांत जातात. सातपुड्यातली मोहाची हा वेगळाच विषय आहे. ती वाइन नव्हे, गाळलेली दारू आहे. आदिवासी घरांत तिला पूजेत आणि लग्नकार्यात मान आहे. तो त्यांचा व्यवहार. कुठून तरी प्लास्टिकच्या बाटलीत आणलेली मोहाची ताटाशेजारी ठेवू नका.

आधी घर ओळखा

वाइन घ्यायला जाण्याआधी घरातल्या कर्त्या बाईशी बोला, कर्त्या पुरुषाशी नाही. तिने ‘नको’ म्हटलं तर विषय संपला. गळ्यात माळ असलेली आजी किंवा महानुभाव पंथातले आजोबा घरात असतील तर त्यांच्या ताटासमोर बाटली ठेवणं बरं दिसत नाही. अशा घरात वयस्कर मंडळींचं जेवण आधी उरकावं आणि उशिराच्या पंगतीत बाटली काढावी. पण लपवाछपवी करू नका. ‘माय, आम्ही पोरं जेवताना थोडी द्राक्षाची वाइन घेणार आहोत’ असं सरळ सांगितलेलं आजीला चालतं. मळ्यातून आल्यावर तोंडाला येणारा बडीशेपेचा वास तिला चालत नाही, कारण बडीशेप का खाल्ली ते तिला पन्नास वर्षांपासून ठाऊक असतं.

ज्या घरात कुणाच्या दारूने संसाराचं वाटोळं झालेलं आहे, तिथे हा प्रयोग करूच नका. दारू सोडलेला माणूस पंगतीत असेल तरीही नाही. ‘एका घोटाने काय होतं’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त आहे. त्या एका घोटाची किंमत त्याच्या बायकोला माहीत असते.

सुनांना आणि जावांना विचारताना सगळ्यांसमोर विचारू नका. सासरे समोर असताना कुठलीही सून ‘नाही’च म्हणणार. पेले सगळ्यांच्या ताटाशेजारी ठेवा, ज्याला हवं त्याने घ्यावं. हवं नसेल तर त्याच पेल्यात द्राक्षाचा रस किंवा नीरा ओतता आली पाहिजे. आमच्या भागात हा एवढा साधा बदल बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त कामाचा ठरतो, कारण कोण पितं आणि कोण नाही हे दुरून कळत नाही आणि कुणी कुणावर नजर ठेवत बसत नाही.

आणायची कशी

धुळे, जळगाव, नंदुरबारच्या दुकानांत गढूळ वाइन सहज मिळेल अशी आशा धरू नका. नाशिक, पुणे किंवा मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला सांगणं सोपं. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असा काढता येतो. वाइन आणि बिअरसाठी वय 21 पूर्ण हवं. परवाना आणि बिल गाडीत बाटलीसोबतच ठेवा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि निवडणुकीच्या दिवसांत दुकानं बंद असतात, हे खरेदीच्या आधी बघून घ्या. जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता, त्यावरून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच. किराण्यासोबत बाटली आणण्याचा बेत त्या भरवशावर आखू नका.

आणि सुरत. खान्देशातल्या जवळजवळ प्रत्येक घराचं कुणी ना कुणी उधना-लिंबायतकडे असतं. परत जाताना त्यांच्या डब्यात शेव, पापड, काळा मसाला भरून द्या, उरलेली बाटली देऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तिथे पाहुण्याच्या पिशवीत बाटली निघाली तर पुढची सुट्टी पोलिस ठाण्याच्या फेऱ्यांत जाईल.

पाटणादेवीला किंवा तोरणमाळला सहल निघाली तर बाटली घरीच राहू द्या. सार्वजनिक जागी पिणं गुन्हा आहे, आणि पाटणादेवीला तर देवस्थान आणि अभयारण्य दोन्ही आहे.

प्रवासात वाइन डिक्कीत टाकू नका. सल्फाइट कमी असल्यामुळे ती उष्णतेला नेहमीच्या वाइनपेक्षा लवकर बिघडते. डिसेंबरातसुद्धा दुपारी ढाब्यावर उन्हात उभी केलेली गाडी चांगलीच तापते. ओल्या गोणपाटात गुंडाळून सीटखाली ठेवा, किंवा थर्माकोलच्या डब्यात.

किती आणि कशात

सहा पिणारे असतील तर दोन बाटल्या पुष्कळ झाल्या. 750 मिलीच्या बाटलीत 60 मिलीचे बारा वाटे होतात. पहिला वाटा तेवढाच द्या. पेला अर्धा भरून दिला की माणूस संपवायचा म्हणून संपवतो.

इथे एक हिशोब सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. 12 टक्के अल्कोहोलच्या वाइनचा 125 मिलीचा पेला म्हणजे व्हिस्कीच्या 30 मिलीच्या छोट्या पेगपेक्षा थोडा जास्तच. थंड आणि फेसाळ पेय सरबतासारखं खाली जातं म्हणून ते सरबत ठरत नाही. परत गाडी चालवत जायचं असेल त्याला वाइन नाहीच. कायद्याची मर्यादा रक्ताच्या 100 मिलीमागे 30 मिलिग्रॅम आहे, आणि पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. भरीत पार्टी मळ्यात असेल तर परत कोण चालवणार ते निघण्याआधी ठरवा.

महागडे काचेचे पेले आणायची गरज नाही. साध्या काचेच्या चहाच्या ग्लासात ऑरेंज वाइन छान दिसते. स्टीलचा पेला मात्र नको. त्यात रंग दिसत नाही, आणि या वाइनचं निम्मं नवल रंगातच असतं.

गार करणं आणि उघडणं

पुस्तकांत रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्या असं लिहिलेलं असतं. ती खोली युरोपातली. आपल्याकडे सगळ्याच बाटल्या फ्रीजमध्ये जातात. ऑरेंज आणि हलकी रेड जेवणाआधी अर्धा तास बाहेर काढा. त्या 12 ते 15 अंशांच्या आसपास चांगल्या लागतात. फार गार असल्या तर ऑरेंजचा तुरटपणा टोचतो. पेट-नॅट मात्र वाढायच्या क्षणापर्यंत फ्रीजमध्ये. मळ्यात फ्रीज नसतो, तिथे घमेल्यात पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ घाला, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली उभी करू नका. बर्फाच्या खड्यांमधल्या हवेमुळे गारवा काचेला नीट लागत नाही, पाणी हवंच.

पेट-नॅट उघडणं हे एका माणसाचं निवांत काम आहे. आदल्या दिवसापासून बाटली उभी ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल. उघडण्याआधी तास-दोन तास हलवू नका. बाहेर अंगणात, नाहीतर मोरीजवळ जा. बाटली थोडी तिरकी धरा, तोंड माणसांपासून लांब. ओपनर लावून बूच झटकन उडवायचं नाही. एका बाजूने जरासं उचला, ‘स्स्स’ असा आवाज यायला लागला की थांबा. फेस गळ्याशी चढताना काचेतून दिसतो. तो वर आला तर बूच पुन्हा दाबून धरा, खाली बसला की पुन्हा सोडा. असं तीन-चार वेळा करावं लागतं. पोरं टाळ्या पिटतात, पिटू द्या, तुमचं लक्ष बाटलीवर असू द्या. मग पेला तिरका धरून सावकाश ओता. शेवटची दोन बोटं वाइन बाटलीतच राहू दिली तर पेला स्वच्छ राहतो. गाळ गिळला तरी काही होत नाही, चव जरा पावासारखी लागते एवढंच.

ऑरेंज उघडल्या उघडल्या कधी काडेपेटीचा, कधी कुजक्या अंड्याचा वास येतो. घाबरून फेकू नका. जगमध्ये ओता, चमच्याने ढवळा आणि पंधरा मिनिटं जाऊ द्या. हवा लागली की तो बहुतेकदा उडून जातो. त्याच्या जागी जो वास उरतो तो बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, दोन-तीन दिवस भिजवलेल्या ज्वारीचं झाकण काढल्यावर येतो तसा आंबूस असतो. आपल्याकडच्या कुठल्याही मावशीला तो ओळखीचा वाटेल.

खरा बिघाड कसा ओळखायचा? नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा झणझणीत वास येत असेल आणि पंधरा मिनिटांनीही जात नसेल, तर ती हाताबाहेर गेली. दुसरा बिघाड लबाड असतो. नाकाला काही कळत नाही, घोट गिळल्यावर काही क्षणांनी घशात उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास चढतो. वाइन आंबट असते म्हणून पेल्यात तो दबून राहतो, तोंडात आंबटपणा उतरला की बाहेर येतो. यावर इलाज नाही. काहींना तो जाणवतही नाही, त्यामुळे ताटावर वाद होतील, होऊ द्या. तळाशी खडीसाखरेसारखे बारीक स्फटिक दिसले तर ते द्राक्षातल्याच आम्लाचे क्षार आहेत, काच नव्हे.

ताटात काय

मिरचीने पेटलेली जीभ अल्कोहोलमुळे आणखी पेटते, आणि तुरट रेडने तर फारच. म्हणून खान्देशी जेवणासोबत कमी अल्कोहोलची, थंड, किंचित गोड किंवा फेसाळ वाइन हवी. ठेच्यासोबत कुठलीच वाइन जमत नाही. ठेचा असेल त्या घासाला ताक.

भरीत आणि ऑरेंज वाइन ही जोडी मला सगळ्यात आवडते. पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेल्या वांग्याचा धूर, वरून घातलेलं सढळ तेल, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. तेलाचा थर जिभेवर बसतो आणि वाइनचा तुरटपणा तो पुसून काढतो. धुरामुळे वाइनमधला वाळलेल्या जर्दाळूसारखा स्वाद पुढे येतो. फक्त या पंगतीपुरतं मिरची निम्मी करा आणि उरलेली बाजूला वाटून ठेवा. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. एखादे नाना पहिला घोट नुसताच घेऊन म्हणतील, ‘हाई ते आंबट शे, भो!’ त्यांना वाद घालून पटवायचं नाही. ‘नाना, आधी भरीत-भाकरीचा घास घ्या, मग घोट’ एवढंच सांगा.

वरण-बट्टीवर तूप ओतलेलं असतं, तिथे पेट-नॅटचा आंबटपणा आणि फेस तुपाला तोडीस तोड. काळ्या मसाल्याच्या मटणाला थंड केलेली हलकी रेड, पण रस्सा फार जहाल असेल तर मीडच बरी. शेवभाजीला तर सरळ गोडसर मीड द्या. तर्रीवर दुसरं काही तग धरत नाही. पुरणपोळी आणि रसासोबत वाइन देऊ नका. गोडापुढे कोरडी वाइन नुसती आंबट लागते, आणि तसंही त्या ताटाला कशाची उणीव नसते.

कुणाला नाही

मुलांना बोट बुडवूनसुद्धा चाखायला देऊ नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर दारूने अचानक खाली जाऊ शकते. झोपेच्या गोळ्या चालू असणारे, लिव्हरचा त्रास असलेले यांना नाहीच. ‘नॅचरल आहे, औषधासारखी आहे’ हे कुणी म्हणालं तर तिथेच खोडून काढा. यात अल्कोहोल तेच असतं. नॅचरल वाइनने डोकं दुखत नाही हीदेखील आवडती अफवा आहे. सल्फाइट वाइनपेक्षा वाळवलेल्या नारिंगी जर्दाळूत जास्त असतं, आणि ते खाऊन कुणी डोकं धरून बसत नाही. दमेकऱ्यांना मात्र सल्फाइटचा खरोखर त्रास होऊ शकतो, आणि नॅचरल वाइनमध्येही ते अगदी शून्य नसतं, कारण आंबताना थोडं आपोआप तयार होतं. प्रत्येक पेल्यामागे एक तांब्या पाणी, हे सगळ्यांना लागू.

उरली तर

पेट-नॅट त्याच रात्री संपवा, सकाळी ती बसकी होते. रेड फ्रीजमध्ये बूच लावून दोन दिवस. ऑरेंज तीन-चार दिवस सहज टिकते, आणि दुसऱ्या दिवशी कधीकधी जास्त मोकळी लागते, तेव्हा दुपारच्या शिळ्या भरतासाठी थोडी राखून ठेवा. मीडची लहान बाटली उघडली की संपवलेली बरी. उरलेली रेड मटणाच्या रश्शात घालायची टूम निघाली तर पोरांचा रस्सा आधी वेगळा काढून ठेवा. शिजवल्यावर अल्कोहोल सगळं उडून जातं असं म्हणतात, पण ते तसं उडत नाही.